२६ इंची की ७००सी? रुंद टायरच्या टूरिंगसाठी चाकं

सामान लादून कोकण किनाऱ्याने लांबचा पल्ला मारायचाय, टायर दोन इंची हवेत, मग चाक कोणतं? टायर रिमवर बसतो तो व्यास २६ इंचीचा ५५९ मिलिमीटर, ७००सीचा ६२२. २९ इंची म्हणतात तेही ६२२च.

मोठं चाक खड्ड्यावरून सहज निघतं, सपाटीवर लय टिकते. तरी माझी पसंती २६ इंचीला. स्पोक आखूड, त्यामुळे मागच्या बॅगांचं ओझं ते खंबीरपणे पेलतं. शिवाय टायर फाटलाच तर तालुक्याच्या दुकानात २६ इंची बहुधा खुंटीला टांगलेला असतो, साधा का होईना. ७००सीवाल्याने घडी घालून नेता येतो असा एक टायर सोबत न्यावाच. दुकानदार काळ्या सायकलचा २८ इंची पुढे करील, तो घेऊ नका: त्याचा व्यास ६३५, तुमच्या रिमवर सैल पडेल.

दोन्हींत रिमची आतली रुंदी २१ ते २५ मिलिमीटर बघा. अरुंद रिमवर रुंद टायर वळणावर डुलतो. मागे ३६ स्पोक हवेतच. निघण्याआधी ते जोडीजोडीने चिमटीत दाबून पाहा. एखादा ढिला लागला, की चाकाला आऊट, म्हणजे फिरताना डावी-उजवीकडे डुलणं, तिथूनच यायला लागतो.