साडेआठशे रुपयांचा ओबीडी स्कॅनर, आठ महिन्यांनंतर: इंजेक्टर गेलेच नव्हते

"इंजेक्टर होग्यावरी सर, चारही." इंजिनात डिझेल फवारणारे चारही इंजेक्टर गेलेत, असं सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवरच्या पोरानं कानडीत सांगून ७८,४०० रुपयांचं एस्टिमेट माझ्यापुढं सरकवलं. हाय प्रेशर पंप 'उघडल्यावर कळेल', म्हणजे तो वेगळाच. गाडी आत जाऊन बाहेर यायला वीस मिनिटं लागली होती. तेवढ्यात बॉनेट उघडलं, स्कॅनर लावला, बिघाडाचा कोड वाचला, बॉनेट मिटलं. इंजेक्टरची रिटर्न टेस्ट (प्रत्येकातून किती डिझेल परत जातं ते मोजणं) केली का, असं विचारलं तर "गरज नाही सर, कोडच आलाय" हे उत्तर. गाडी २०११ ची, दीड लिटरची टर्बो डिझेल, १,६८,००० किलोमीटर झालेली. आज विकायला काढली तर त्या एस्टिमेटच्या दुप्पट येतील की नाही, शंकाच आहे. त्याच रात्री हा ब्लूटूथ स्कॅनर मागवला, गाडीच्या ओबीडी सॉकेटला लावला की कोड आणि इंजिनचे आकडे मोबाइलवर दाखवणारा. ८५० रुपये.

स्कॅनरबद्दल वेगळं सांगायला नको, ईएलएम ३२७ म्हणून मिळतो तोच, निळा, काडेपेटीएवढा. माझ्याकडच्यावर 'व्हर्जन १.५' लिहिलंय. मूळ कॅनडाच्या कंपनीनं १.५ नावाचं व्हर्जन कधी काढलंच नाही, म्हणजे ही नक्कल आहे हे खोक्यावरच लिहून येतं. तरी माझ्या गाडीशी पहिल्याच झटक्यात बोलला, याचं मला खरंच नवल वाटलं. आपल्याकडं ओबीडी-२ (गाडीनं हे आकडे स्कॅनरला ठरलेल्या रीतीनं द्यायची पद्धत) सक्तीचं झालं एप्रिल २०१३ पासून. त्याआधीच्या गाडीत काय दिसेल, काय नाही, याचा भरवसा नसतो. मला आरपीएम, बूस्ट (टर्बोनं दाबलेली हवा), एअर फ्लो, ॲक्सिलरेटर पेडल आणि मुख्य म्हणजे रेल प्रेशर, सगळं दिसलं. रेल म्हणजे पंप जिथं डिझेल दाबून भरतो आणि जिथून ते इंजेक्टरांना मिळतं ती नळी.

गाडीचा त्रास असा होता. माझं बेळगावात शहापूरला छपाईचं दुकान आहे आणि दर शनिवारी आईकडं निपाणीला जाणं असतं, एका बाजूनं पाऊणशे किलोमीटर. गावात गाडी लोण्यासारखी चालायची. तवंदी घाटात तिसऱ्या गिअरला पाय दाबला की दोन हजार आरपीएमच्या आसपास अडखळायची, पुढून कुणी धरून ठेवल्यासारखी. कधी चेक इंजिनचा दिवा लागायचा आणि मग ओढच जायची. बाजूला घेऊन बंद करून परत सुरू केली की पुन्हा शहाणी. मागं ट्रक चिकटलेला असताना घाटात असं झालं की छातीत धस्स होतं. शिवाय सकाळी पहिला स्टार्ट लांबायचा. याकडं मी लक्षच दिलं नव्हतं, बॅटरी जुनी झाली असेल म्हणून सोडून दिलं होतं. निम्मं उत्तर तिथंच होतं.

पहिल्याच दिवशी माझ्या हातून मोठी चूक झाली, ती आधी सांगतो. कोड वाचला, पी००८७, रेलमधलं प्रेशर कमी. वाचला आणि लगेच 'क्लिअर' दाबलं. कोड पुसला की त्याच्याबरोबरचा फ्रीझ फ्रेमही पुसला जातो. दिवा लागला त्या क्षणी आरपीएम किती, वेग किती, इंजिनवर लोड किती, हे सगळं ईसीयूनं, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरनं, लिहून ठेवलेलं असतं, ते मी घालवलं. कोडपेक्षा ती नोंद जास्त मोलाची. आधी फोटो काढा, मग काय पुसायचं ते पुसा.

आणि पी००८७ म्हणजे इंजेक्टर गेले असा अर्थ होत नाही. तो कोड एवढंच सांगतो की ईसीयूनं जेवढं प्रेशर मागितलं तेवढं रेलमध्ये जमलं नाही. टाकीपासून डिझेल कमी येतंय, फिल्टर चोकलाय, वाटेत हवा शिरतेय, पंप थकलाय, रेलवरचा व्हॉल्व्ह गळतोय, की इंजेक्टरमधून जास्तीचं डिझेल परत जातंय, यातलं काहीही असू शकतं. सहा संशयितांपैकी सगळ्यात महागडा उचलायचा आणि ग्राहकाच्या गळ्यात मारायचा, याचा मला राग आहे आणि तो अजून गेलेला नाही.

टर्बोचा संशय लगेच मिटला. किल्ली चालू, इंजिन बंद ठेवलं तर मॅनिफोल्डचं, म्हणजे इंजिनात हवा शिरते तिथलं, प्रेशर ९३ किलोपास्कल. समुद्रसपाटीला हा आकडा १०१ असतो म्हणून सेन्सर बिघडलाय असं आधी वाटलं. पण बेळगाव साडेसातशे मीटर उंचीवर आहे, आपल्याकडं ९३ च बरोबर. निपाणीला उतरलो की एखाद्यानं वाढतो. घाटात पाय दाबल्यावर तोच आकडा १९५ पर्यंत जात होता, म्हणजे टर्बो आपलं काम चोख करत होता. हवा भरपूर, डिझेल कमी.

आता रेल प्रेशर. ॲपमध्ये ते किलोपास्कलमध्ये येतं, दोन शून्यं काढली की बार. आयडलला २८० बार, छान. घाटात १,२०० च्या वर जायचं आणि मग एकदम खाली. या स्कॅनरवर माझा सगळ्यात मोठा राग इथूनच सुरू होतो. हा फक्त असलेलं प्रेशर दाखवतो, मागितलेलं दाखवत नाही. अशा रेलवाल्या (कॉमन रेल) इंजिनात सगळा खेळ त्या दोन आकड्यांच्या फरकाचा आहे. ७०० बार दिसतंय, ठीक, पण ईसीयूनं ७०० च मागितलं असेल तर गाडी निरोगी आहे, आणि १,३०० मागून ७०० मिळालं असेल तर आजारी. ओबीडीच्या यादीत मागणीच्या आकड्यालाही जागा आहे, माझ्या गाडीचा ईसीयू त्यावर मूग गिळून बसतो. कंपनीच्या स्कॅनरला हे दोन्ही आकडे शेजारी शेजारी दिसतात. सर्व्हिस सेंटरमध्ये ते पडद्यावर होते आणि कुणी घाटापर्यंत गाडी नेऊन बघितले नाहीत! मी महिनाभर याच एका गोष्टीवर चरफडत होतो.

तोडगा शेवटी पायातच होता. आम्ही चढावर पेडल एका जागी दाबून धरायचं, गिअर तोच, आरपीएम जवळपास तोच. पेडल हलत नसेल तर मागणी एवढी घसरणार नाही, मग प्रेशर घसरलं तर पुरवठाच घसरला. माझी मुलगी पीयूसी दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला आहे, ती शेजारी बसून मोबाइल धरायची आणि वहीत वेळ लिहायची. चालवणाऱ्यानं पडद्याकडं बघायचंच नाही, हे घाटात तरी पाळा. "पप्पा, पाय तसाच ठेवा. पाय नाही हलला. बाराशे चाळीस... बाराशे... नऊशे... सहाशे दहा." तेवढ्यात धक्का बसला, दिवा लागला. पेडल ८० टक्क्यांवरच होतं.

एक खुबी याच वेळी कळली. ॲपमध्ये आठ-नऊ गोष्टी निवडल्या तर एकेक आकडा दोन-अडीच सेकंदांनी बदलतो आणि घसरण दिसायच्या आत होऊन जाते. पेडल, आरपीएम, रेल प्रेशर, एवढे तीनच ठेवा.

फिल्टर बदलला, ११५० रुपये. फरक दुसऱ्याच दिवशी. तवंदीला पेडल दाबून धरलं, १,२८० बार, रेघ ओढल्यासारखं सरळ. मी खूश होऊन दुकानातल्या सगळ्यांना स्क्रीनशॉट दाखवले आणि या स्कॅनरला चार स्टार देऊन मोकळा झालो.

तीन आठवड्यांनी पुन्हा तेच. दोन स्टार केले, कारण मला वाटलं आकडेच खोटे देतोय.

पोरीनं वही काढली. ती प्रत्येक फेरीला तारीख, वेळ आणि डिझेलचा काटाही लिहून ठेवायची, मी सांगितलेलं नसताना. "पप्पा, फुल्ल टाकीला एकदाही झालेलं नाही. सगळं पावच्या खाली." मग आठवलं, फिल्टर बदलला त्याच दिवशी कोगनोळीच्या अलीकडं टाकी फुल्ल केली होती. गुण फिल्टरचा नव्हता, भरलेल्या टाकीचा होता. माझ्या गाडीत टाकीत पंप नाही, पुढचा पंप स्वतः डिझेल ओढून घेतो. टाकीत पातळी जितकी खाली, तितकी ओढ जास्त, आणि वाटेत कुठं बारीक फट असेल तर तिथून डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. म्हणून गाडीखाली कधी थेंब दिसला नाही. रात्रभर उभी राहिली की त्याच फटीमुळं लाइनमधलं डिझेल मागं टाकीत उतरतं, म्हणून सकाळचा स्टार्ट लांब.

हे सगळं घेऊन उद्यमबागेत एका डिझेल लॅबमध्ये, म्हणजे पंप-इंजेक्टर दुरुस्तीच्या दुकानात गेलो. मिस्त्री साठीचे, सगळे त्यांना मामा म्हणतात. मी मोबाइल पुढं केला तर ते आधी म्हणाले, "ते असू दे. गरम असताना लगेच लागते काय?" लागते म्हटलं. "मग पंप आणि इंजेक्टर नंतर बघू. ते गेले असते तर गरम गाडीनंच पहिल्यांदा तरास दिला असता. सकाळी लांबतंय म्हणजे हवा."

तरी माझ्या समाधानासाठी रिटर्न टेस्ट केली, ६०० रुपये. चार छोट्या बाटल्या, चार नळ्या, प्रत्येक इंजेक्टरचं परतीचं डिझेल वेगळं. काही मिनिटं आयडलला चालवली. तीन बाटल्या सारख्या, चौथीत किंचित जास्त. "एखादी दुसऱ्याच्या दुप्पट-तिप्पट भरली असती तर म्हटलं असतं. हे चालतंय. अजून पळव." अठ्ठ्याहत्तर हजारांचं उत्तर त्या चार बाटल्यांत होतं.

मग फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये त्यांनी वीतभर पारदर्शक नळी जोडली. गाडी सुरू केली, आयडलला काही नाही. मामांनी रेस दिली आणि नळीतून बुडबुडे सुटले, साबुदाण्याच्या दाण्याएवढे, एकामागून एक, पंपाकडं. मी खाली वाकून बघतच राहिलो. पाच महिने घाटात मला अडवणारी गोष्ट ती एवढीशी होती. मामांनी मागून फिल्टरकडं येणारा रबरी पाइप वाकवून दाखवला. क्लिपच्या खाली, सरळ असताना दिसत नाही अशी, केसाएवढी भेग. फिल्टरच्या जोडातली ओ-रिंगही दगडासारखी कडक. पाइप, रिंगा, नव्या क्लिपा, मजुरी धरून ७०० रुपये. हातपंप दाबून हवा काढली, सुरू केली, नळी स्वच्छ. चौदा वर्षांचं रबर आहे, त्याचाही दोष काढत नाही.

स्कॅनर धरून सगळा खर्च ३,३०० रुपये. त्यातला ११५० चा फिल्टर तसाही बदलायचाच होता.

कुणी घरी करणार असेल तर एक गोष्ट हात जोडून सांगतो. पारदर्शक नळी फक्त पंपाच्या अलीकडं, कमी प्रेशरच्या बाजूला. पंपाच्या पुढचे लोखंडी पाइप इंजिन चालू असताना सैल करू नका, गळती शोधायला बोटही फिरवू नका. हजार बारची धार कातडी फोडून आत जाते, वरून टोचल्याएवढंच दिसतं आणि आतून बोट जाऊ शकतं. तसं झालंच तर दुखायची वाट न बघता थेट दवाखान्यात.

स्कॅनरच्या बाकीच्या तक्रारी पटापट. सॉकेटच्या सोळाव्या पिनला किल्ली बंद असली तरी करंट असतो. दिवाळीत लावून ठेवला, चार दिवस गावाला गेलो, आलो तर जुनी बॅटरी उतरलेली. उजव्या गुडघ्याला लागतो. एबीएस आणि एअरबॅगमधलं याला काही कळत नाही. आयफोनला हा जोडला जात नाही, मेव्हण्याच्या फोनवर खटपट करून बघितली.

दोनचे स्टार आता साडेतीन केलेत. मागितलेलं प्रेशर दाखवत नाही तोवर माझ्याकडून चार मिळणार नाहीत, मग ८५० चा असो नाहीतर कितीचा. पण त्या एस्टिमेटवर मी सही केली नाही, ती यानं दिलेल्या आलेखाच्या जोरावर, हेही तितकंच खरं.

पाइप बदलून तीन महिने झाले. परवाच्या शनिवारी काटा पावच्या खाली असताना मुद्दाम तवंदी चढलो, पेडल ८० वर धरून. १,२७०, १,२८०, १,२७०. सकाळी अर्ध्या किल्लीत लागते. टाकीजवळचा दुसरा रबरी पाइप त्याच वयाचा आहे, तो पावसाळ्याआधी बदलून घेणार आहे, मामांना सांगून ठेवलंय. स्कॅनर सध्या गडहिंग्लजला दाजींकडं आहे, त्यांचीही गाडी घाटात अशीच ओढायची थांबते. त्यांना देताना एकच सांगितलंय, क्लिअर दाबायच्या आधी मला फोन करा.