रेस्टिकसोबतचे चौदा महिने

२८ मार्चला दुपारी अकाउंट्समधल्या ताईंचा फोन आला, "अहो, माझं वर्षभराचं फोल्डर गेलं की हो सगळं!" कुणीतरी शेअर्ड ड्राइव्हवर एका फोल्डरवर दुसरंच फोल्डर टाकलं होतं. मी रेस्टिक या बॅकअप सॉफ्टवेअरची रिपॉझिटरी (बॅकअपचा साठा) माउंट केली, म्हणजे ड्राइव्हसारखी जोडली, पहाटे दोनचा स्नॅपशॉट (त्या वेळच्या डेटाची प्रत) साध्या फोल्डरसारखा उघडला आणि हवं ते उचलून जागेवर ठेवलं. बारा मिनिटं लागली. संध्याकाळी टेबलावर भडंगाचा पुडा आला. चौदा महिन्यांत या सॉफ्टवेअरपायी मिळालेलं हे एकमेव बक्षीस. (जागतिक बॅकअप दिन ३१ मार्चला ठेवणाऱ्यानं भारतातलं अकाउंट्स खातं कधी पाहिलेलं नसणार.)

मी गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत सर्व्हर सांभाळतो. सहा लिनक्स सर्व्हर, मारियाडीबी या डेटाबेसवर चालणारं ईआरपी (हिशेब, स्टॉक सांभाळणारं सॉफ्टवेअर), ड्रॉइंग्जचा ढीग, सगळं मिळून साधारण एक टीबी. आधी रात्री आरसिंक या फाइली कॉपी करणाऱ्या साधनाची स्क्रिप्ट चालायची आणि सगळं त्याच खोलीतल्या नॅसवर (नेटवर्कवरच्या डिस्कपेटीवर) जाऊन पडायचं. ऑगस्ट २०१९च्या पुरात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला, तेव्हा आमची खोली कोरडी राहिली, पण मूळ डेटा आणि कॉपी दोन्ही एकाच छपराखाली आहेत हे तेव्हा पहिल्यांदा पोटात गेलं. २०२१ला पुन्हा तेच. तरी पुण्याच्या ऑफिसात दुसरी कॉपी ठेवायला साहेबांचा होकार मिळेपर्यंत मध्ये बरीच वर्षं गेली, ते सोडा.

रेस्टिक निवडायचं पहिलं कारण पैसे. अलेक्झांडर नॉयमन यांनी सुरू केलेला हा मुक्त प्रकल्प आहे, गो भाषेत लिहिलेला. एकच फाइल सर्व्हरवर ठेवली की काम सुरू. दुसरं कारण त्याची कामाची पद्धत. फाइलीचे तो मजकुरावरून तुकडे पाडतो, सरासरी एक एमबीचे, आणि एकदा साठवलेला तुकडा पुन्हा साठवत नाही. ड्रॉइंग ऑफिसवाले एकच फाइल "फायनल", "फायनल २", "फायनल नक्की" अशा नावांनी ठेवतात. नॅसवर त्या तीन फाइली तीन जागा खायच्या, इथे बदललेले तुकडेच वाढतात. आवृत्ती ०.१४पासून झेडस्टँडर्ड कॉम्प्रेशनही आलं आहे. आणि डेटा आमच्या मशीनवरून निघण्याआधीच एईएस-२५६ या एन्क्रिप्शननं कुलूपबंद होतो, त्यामुळे पुण्यातल्या मशीनवर कुणी डोकावलं तरी त्याच्या हाती काही लागत नाही.

पहिला एक टीबी इंटरनेटवरून पाठवायच्या भानगडीत पडलो नाही. कोल्हापुरातच हार्डडिस्कवर रिपॉझिटरी तयार केली आणि पुण्याला निघालेल्या कंपनीच्या गाडीत डिस्क दिली. पुण्यात बॅकअप स्वीकारणाऱ्या रेस्ट-सर्व्हर या प्रोग्रामची फोल्डररचना स्थानिक रिपॉझिटरीसारखीच असते, त्यामुळे तिथे नुसती कॉपी करून भागलं. आता रोजचा फरक रात्री अर्ध्या तासात जातो.

आता तक्रार. रेस्टिकला घड्याळ नाही आणि तोंडही नाही. कधी चालायचं ते तुम्ही ठरवायचं, चाललं नाही तर ओरडायची सोयही तुम्हीच करायची. वेळेसाठी लिनक्सचा सिस्टिमडी टायमर लावला, त्यात पर्सिस्टंट हा पर्याय चालू ठेवला. रात्री वीज जाऊन यूपीएसनं मान टाकली तर मशीन चालू झाल्यावर हुकलेली फेरी आपोआप होते. अशा मध्येच तुटलेल्या फेरीचं लॉक ("काम चालू आहे" अशी खूण) कधीकधी मागे राहतं आणि प्रून, म्हणजे नको असलेला डेटा काढायचं काम, अडून बसतं. अनलॉकची आज्ञा आहे, पण दुसरीकडे खरंच काही चालू नाही ना, हे पाहूनच ती द्या.

तोंडाची सोय जास्त डोकेदुखीची. "बिघाड झाला तर मेल" ही पद्धत मी मुद्दाम टाळली. जानेवारी २०१७मध्ये गिटलॅब या कोड साठवणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअरकडून चालू डेटाबेस पुसला गेला, तेव्हा कळलं की त्यांचे रोजचे पीजीडंप (डेटाबेसची फाइलीत काढलेली प्रत) आवृत्तीच्या घोळामुळे फसत होते आणि तसं सांगणारे मेल डीमार्क या मेल खरा की खोटा ते पाहणाऱ्या तपासणीत नाकारले जात होते. शेवटी त्यांना सहा तास जुन्या एलव्हीएम स्नॅपशॉटनं (डिस्कच्या प्रतीनं) तारलं. म्हणून आमच्याकडे उलटा कारभार आहे. प्रत्येक सर्व्हर फेरी नीट संपली की हजेरी लावतो, आणि सकाळी सातपर्यंत हजेरी लागली नाही तर माझा फोन वाजतो. रेस्टिकचा एक्झिट कोड ३ आला, म्हणजे काही फाइली वाचता आल्या नाहीत, तर तीही गैरहजेरीच धरतो.

एवढं करूनही फसलो. ईआरपीच्या डेटाबेसचा डंप मी पाइपमधून, म्हणजे एका आज्ञेतून थेट दुसरीत, रेस्टिकला देत होतो. ईआरपीवाल्यांच्या माणसानं एक व्ह्यू (टेबलावरून दिसणारी तयार यादी) बनवला आणि तो ज्या टेबलावर उभा होता ते टेबल नंतर काढून टाकलं. त्या व्ह्यूपाशी आलं की डंप काढणारा मायएसक्यूएलडंप एरर देऊन थांबायचा. डंप नावांच्या इंग्रजी अक्षरक्रमानं होतो आणि व्ह्यूचं नाव एम अक्षरानं सुरू होणारं. म्हणजे ए ते एलपर्यंतची टेबलं व्यवस्थित, पुढची स्टॉक, व्हाउचर वगैरे सगळी गायब. रेस्टिकच्या दृष्टीनं पाइपमधून जे आलं ते त्यानं इमानदारीत साठवलं, हजेरीही लागली. एकोणीस रात्री हे चाललं. चूक माझी, स्क्रिप्टमध्ये पाइपमधली आधीची आज्ञा फसली तर सांगणारं पाइपफेल लावलेलं नव्हतं. आता ०.१७मध्ये आलेला "स्टडिन फ्रॉम कमांड" हा पर्याय वापरतो. त्यात रेस्टिक स्वतःच डंपची आज्ञा चालवतो आणि ती फसली तर स्नॅपशॉट बनवतच नाही.

हे उघडकीला आलं महिन्याच्या चाचणीत. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी एका जुन्या डेस्कटॉपवर ईआरपी शून्यापासून उभं करायचं, असा नियम मी सुरुवातीला हौसेनं केला होता. पहिल्या खेपेला चार तास दहा मिनिटं लागली. साहेबांना मी "तासाभरात सगळं चालू" असं सांगून बसलो होतो! रेस्टिकनं फाइली पंचवीस मिनिटांत आणून दिल्या होत्या. बाकीचा वेळ डेटाबेस आयातीत आणि "ही सेटिंग कुठे होती बरं" यात गेला. अख्खी मशीन जशीच्या तशी उभी करणं हे रेस्टिकचं काम नाही. म्हणून सर्व्हरची मांडणी आता अँसिबल या सर्व्हर मांडणाऱ्या साधनात लिहून ठेवली आहे आणि वेळ एक तास पन्नास मिनिटांवर आली आहे. ईआरपीच्या टेबलांची संख्या मूळ डेटाबेसशी जुळवायची ही पायरी त्या एकोणीस रात्रींनंतर वाढली.

जुने स्नॅपशॉट काढायच्या बाबतीत नवशिक्यांनी सावध राहा. फॉरगेट या आज्ञेनं फक्त स्नॅपशॉटची नोंद जाते, डिस्कवरची जागा प्रून केल्याशिवाय मोकळी होत नाही. आणि फॉरगेट स्नॅपशॉटचे गट होस्टनेम व पाथवरून पाडतं. मी एका सर्व्हरचं नाव बदललं, तर जुन्या नावाचा गट तसाच राहिला आणि नवे स्नॅपशॉट कितीही आले तरी त्याला कुणी हात लावेना. डिस्क ऐंशी टक्के भरल्यावर लक्षात आलं. लॉग वेगळ्या टॅगखाली ठेवा, कारण सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२च्या आदेशानुसार ते १८० दिवस जपावे लागतात.

रॅन्समवेअरची भीती सगळ्यांनाच आहे. पुण्याचा रेस्ट-सर्व्हर अपेंड-ओन्ली चालवतो. इकडचा सर्व्हर कुणाच्या ताब्यात गेला तरी तिथे भर घालता येईल, पुसता येणार नाही. प्रून पुण्याच्या मशीनवरच, तिथल्या तिथे चालतं. चेकची आज्ञा नुसती दिली तर ती रचना तपासते, साठवलेला डेटा वाचत नाही. म्हणून दर रविवारी एक सप्तमांश डेटा खरोखर वाचून घेतो.

पासवर्ड गेला तर डेटा गेला, तिथे कुणाचा हेल्पडेस्क नाही. सुरुवातीचे दोन महिने पासवर्ड त्याच सर्व्हरवरच्या फाइलीत होता आणि दुसरीकडे कुठेच नव्हता. तिजोरीची किल्ली तिजोरीत. आता एक बंद पाकीट साहेबांच्या कपाटात आणि एक पुण्यात आहे.

कोणी घ्यावं? टर्मिनलची भीती नसेल तर बिनधास्त घ्या. वरिष्ठांना रंगीत डॅशबोर्ड दाखवावा लागत असेल, किंवा व्हर्च्युअल मशीन अख्खी उचलायची असेल, तर दुसरं काहीतरी बघा.

एप्रिलची चाचणी ज्युनिअर पोरगा एकटा करणार आहे. मी त्या दिवशी जोतिबाच्या डोंगरावर यात्रेत असेन, फोन बंद ठेवून. त्याच्या हातात सव्वादोन पानांची वही आहे. त्यात पाकीट कुठल्या कपाटात आहे तेही लिहिलंय, पण कपाटाची किल्ली कुणाकडे असते ते लिहायचं राहिलंय, हे आत्ता लिहिताना आठवलं.