हनुवटीवरचे मुरुम आणि पाळीच्या तारखा : एका दवाखान्याचा अनुभव

माझ्या १९ वर्षांच्या लेकीला हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेने दोन वर्षे मोठे, दुखरे मुरुम येत होते. मलमे झाली, फेसवॉश झाले, एका त्वचारोगतज्ज्ञांकडे अँटिबायोटिक्सचे दोन कोर्सही झाले. पण तिची पाळी नियमित येते का, हे तिथे कोणी विचारले नाही आणि मलाही तो संबंध सुचला नाही. अखेर मैत्रिणीच्या सांगण्यावरून आम्ही पुण्यातील एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे गेलो.

डॉक्टरांनी आधी पाळीच्या तारखा पाहिल्या, वर्षभरात सहाच. मग केस बाजूला करून तिची मान पाहिली. तिथला काळपट, मखमलीसारखा पट्टा मळ समजून मी कित्येक दिवाळ्या उटण्याने घासला होता. शरीर इन्सुलिनला दाद देत नसल्याची ती खूण असू शकते, हे ऐकून फार वाईट वाटले. इन्सुलिन वाढले की बीजांडकोशांत टेस्टोस्टेरॉनसारखी संप्रेरके जास्त तयार होतात, त्यांच्यामुळे त्वचेतील तेलग्रंथी अधिक स्रवून मुरुम येतात आणि बीजही वेळेवर न सुटल्याने पाळी लांबते, हे त्यांनी आकृती काढून समजावले. त्यांना संशय होता तो पीसीओएसचा, म्हणजे संप्रेरकांचा तोल बिघडून बीजांडकोशांचे काम विस्कळीत होण्याच्या विकाराचा.

विशेष म्हणजे त्यांनी सोनोग्राफी लिहून दिली नाही. पाळी सुरू झाल्यावर पहिली आठ वर्षे निरोगी मुलींचे बीजांडकोशही सोनोग्राफीत पीसीओएस असल्यासारखेच दिसू शकतात, म्हणून या वयात तारखा, लक्षणे आणि रक्ततपासणी यांवरच भर द्यावा, असे त्या म्हणाल्या. थायरॉइड, प्रोलॅक्टिन, टेस्टोस्टेरॉन आणि साखर तपासून, इतर कारणे वगळल्यावरच पीसीओएसचे निदान झाले. उपचारांत गर्भनिरोधक गोळ्यांचे नाव ऐकून मी दचकले, तेव्हा त्यांनी मला शांतपणे थांबवले आणि लेकीलाच विचारले, "तुला काय विचारायचे आहे?" मुरुमांत फरक पडायला किमान तीन महिने लागतील, हेही आधीच सांगितले. आता पाच महिने झाले. नवे मुरुम क्वचितच येतात, जुने डाग मात्र आहेत.

तक्रार आहे ती बाहेरच्या खोलीविषयी. वेळ घेऊनही दीड तास बसावे लागते, आणि पहिल्या दिवशी "शेवटची पाळी कधी आली?" हे भरलेल्या खोलीत मोठ्याने विचारले गेले, तेव्हा लेकीने स्कार्फ डोळ्यांपर्यंत ओढून घेतला. मी हे डॉक्टरांच्या कानावर घातले. पुढच्या खेपेला तोच प्रश्न छापील कागदावर भरायला दिला होता.