जुना मिसडिमीनर (कमी दर्जाचा गुन्हा): थेट बंदूक घ्यायला जावं की आधी रेकॉर्ड पुसून घ्यावं?

अमेरिकेत ग्रीन कार्डावर राहणाऱ्या मित्राचा हा प्रश्न. कॉलेजात असताना दुकानातल्या किरकोळ चोरीत दंड झालेला, आता घरात पिस्तूल हवंय.

खर्च आणि वेळ पाहिला तर थेट दुकानच परवडतं. बंदूक घेताना लागणारा फेडरल फॉर्म ४४७३ भरायचा. एफबीआयची तपासणी बहुतेक वेळा काही मिनिटांत उरकते. एक्स्पंजमेंटला, म्हणजे रेकॉर्ड पुसून घ्यायला, कोर्टाची फी, वकील आणि महिनोन्‌महिने.

खरी मेख फॉर्ममध्ये आहे. शिक्षा किती झाली हे तिथे विचारत नाहीत. वर्षाहून जास्त कैद होऊ शकली असती का, हे विचारतात. राज्याच्या कायद्यात मिसडिमीनर असून कमाल शिक्षा २ वर्षांपर्यंत असेल तर तो यातून सुटतो. पेनसिल्व्हेनियात पहिल्या दर्जाच्या मिसडिमीनरला ५ वर्षांपर्यंत कैद आहे, म्हणजे नुसता दंड भरला असला तरी अडकलात. घरगुती हिंसाचाराच्या मिसडिमीनरवर १९९६ पासून बंदी आहे. आणि फॉर्मवर जाणूनबुजून खोटं लिहिलं तर तो वेगळा, फेडरल गुन्हा.

एक्स्पंजमेंटही रामबाण नाही. कॅलिफोर्नियात अनेक मिसडिमीनरवर १० वर्षं बंदूकबंदी आहे आणि कोर्टाकडून शिक्षा काढून घेतली तरी ती उठत नाही. इमिग्रेशनवाले तर पुसलेली शिक्षाही सहसा मोजतातच!

मित्रासारखी किरकोळ केस असेल आणि राज्याची वेगळी बंदी नसेल तर थेट दुकानात जावं. ५ वर्षांवाली किंवा घरगुती मारहाणीची केस असेल तर आधी वकील. तोवर फॉर्मला हात लावू नये. एच-वन-बीवाल्यांना, म्हणजे तात्पुरत्या वर्क व्हिसावर असलेल्यांना, रेकॉर्ड कोरं असलं तरी, शिकारीच्या परवान्यासारखे अपवाद सोडता, बंदूक घेता येत नाही.