महारेराची साइट : फ्लॅट बुक करायच्या आधी अर्धा तास इथे घालवाच

महारेरा म्हणजे बिल्डरांच्या प्रोजेक्टवर नजर ठेवणारं महाराष्ट्र सरकारचं प्राधिकरण. कांदिवलीत इन्व्हेस्टमेंटसाठी वन बीएचके बघत होतो, सेल्स ऑफिसातला मुलगा म्हणाला पझेशन पुढच्या दिवाळीला नक्की, आजच बुक केलंत तर पार्किंग फ्री. मी टोकनचा चेक लिहायला घेतला तेवढ्यात बायको म्हणाली, अहो थांबा जरा. ब्रोशरवरचा क्यूआर कोड तिने तिथेच मोबाईलवर स्कॅन केला, महारेराच्या साइटवरचं त्या प्रोजेक्टचं पान उघडलं आणि बघतो तर काय, कम्प्लिशनची तारीख दोनदा पुढे ढकललेली, जमिनीची कोर्टात केस चालू, वर कर्जाचा बोजा पण. चेकबुक परत बॅगेत.

एक पैसा न भरता एवढं सगळं कळतं, मला तर ही सर्व्हिस फार आवडली. कार्पेट एरिया (घरात प्रत्यक्ष वापरता येणारी जागा) पण तिथलाच धरा, सेल्सवाले सुपर बिल्टअप (जिना-लॉबीचा वाटा धरून फुगवलेला आकडा) सांगून मोकळे होतात. आणि हो, अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर होईपर्यंत किमतीच्या १० टक्क्यांच्या वर एक रुपया देऊ नका, कायद्यानेच बिल्डरला तो घेता येत नाही. मुंबईत स्टॅम्प ड्युटी ६ टक्के धरून बजेट करा, घर फक्त बाईच्या नावावर असेल तर १ टक्का कमी लागते, आम्ही आता तिच्याच नावावर बघतोय.