डोंगल मेलं, मग लिनक्स आलं: डीटीपीच्या दुकानातलं दीड वर्ष

कराडला कोर्टाच्या मागच्या गल्लीत माझं टायपिंग-डीटीपीचं दुकान आहे. प्रतिज्ञापत्रं, ग्रामसभेचे ठराव, पतसंस्थांचे अहवाल, लग्नपत्रिका, शाळांच्या स्मरणिका. तीन कॉम्प्युटर, एक लेझर प्रिंटर, एक झेरॉक्स आणि मी. ऑगस्ट २०२४ पासून माझ्या मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी प्रणाली आहे, सोबत लिबरऑफिस (वर्डसारखं), स्क्रायबस (पानं लावायला) आणि इंकस्केप (चित्रं काढायला). लिनक्सवर मराठीत जे काही वाचायला मिळतं ते बहुतेक कॉम्प्युटरवाल्या पोरांनी लिहिलेलं असतं. त्यांना दुपारी चारला पत्रिका छापायला द्यायची नसते. म्हणून हे.

आधी डोंगलचं सांगते. आमच्या पिढीतल्या डीटीपीवाल्यांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी. मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर घेतलं की सीडीबरोबर अंगठ्याएवढी एक डबी यायची. आधी प्रिंटरच्या पोर्टला लागायची, नंतर यूएसबीला. ती लावलेली असेल तरच मराठी उमटणार. मी १९९९ साली कर्ज काढून ते पॅकेज घेतलं होतं. जून २०२४ मध्ये, एका पतसंस्थेचा अहवाल निम्मा झालेला असताना, ती डबी गेली. कशाने, माहीत नाही. लाइट गेली, आली, आणि स्क्रीनवर संदेश: लॉक सापडत नाही. विकणाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, मॅडम, ती आवृत्ती केव्हाच बंद झाली, आता नवीन घ्या. आकडा ऐकून मी फोन ठेवला. पैशांपेक्षा जास्त काय लागलं तर पंचवीस वर्षांचं माझं स्वतःचं काम माझ्याच टेबलावर होतं आणि मला ते वाचता येत नव्हतं. फाइल उघडायची. आत नुसतं इंग्रजी अक्षरं, टिंबं आणि उलटसुलट चिन्हांचं कडबोळं.

माझे वडील कंपोझिटर होते. खिळे, म्हणजे छपाईची शिशाची सुटी अक्षरं, जुळवायचे. डिग्री टाइपच्या केस, स्टिक, गॅली, ट्रेडल मशीन, सगळं मी लहानपणी पाहिलंय. त्यांनी फाउंड्रीतून खिळे विकत आणले ते आणले. पुढे फाउंड्री बंद पडली तरी खिळे छापत राहिले. झिजले तेव्हा वितळवून किलोवर विकले, त्याचेही पैसे आले. फाउंड्रीवाला कधी घरी येऊन ‘तुमचा क आता चालणार नाही’ म्हणाला नाही. आपण मात्र कॉम्प्युटर आला म्हणून पेढे वाटले आणि अक्षरं भाड्याने घेऊन बसलो.

भाचा इंजिनिअरिंगला आहे. तो म्हणाला, “आत्या, मशीन टाकू नकोस, मिंट घालून देतो.” मशीन म्हणजे २०१५ चं, इंटेलच्या आय-फाइव्ह प्रोसेसरचं, चार जीबी रॅम. विंडोज दहा त्यावर कण्हत चालायचं. विंडोज अकराला आठव्या पिढीचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, म्हणजे ते दार बंदच. पावणेदोन हजारांची एसएसडी (वेगवान डिस्क) घातली, चार जीबी रॅम आणखी. मिंट फुकट. पेनड्राइव्हवरून चढवायला चाळीस मिनिटं लागली. तेव्हा नुकतीच आवृत्ती २२ आली होती. तिला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत. दिसायला जुन्या विंडोजसारखंच, डाव्या कोपऱ्यात मेनू. मला पहिल्या दिवशी काही शिकावं लागलं नाही. त्यापलीकडे त्याच्या दिसण्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

खरी परीक्षा मराठीची. इन्स्क्रिप्ट कीबोर्ड, म्हणजे भारतीय भाषांसाठी ठरवून दिलेली कळांची मांडणी, आतच असतो, सेटिंगमध्ये जाऊन जोडायचा. टाइपरायटरच्या कीबोर्डाची सवय असलेल्यांचे पहिले पंधरा दिवस वाईट जातात, माझेही गेले. पण एक गोष्ट मला मनापासून आवडली. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘तऱ्हा’ यातला तो पापणीसारखा र. इन्स्क्रिप्टवर शिफ्ट-जे, मग डी, मग य. सरळ येतो. गंमत पुढे आहे. बाहेरून येणाऱ्या बऱ्याच फाइलींत हाच र दुसऱ्या पद्धतीने लिहिलेला असतो: साधा र, हलन्त, आणि त्यामागे एक न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखे. एका ठरावात ‘मोऱ्यांच्या’ ऐवजी ‘मोरे कुटुंबाच्या’ करायचं होतं. शोधा-बदला केलं, अकरापैकी चारच बदलले. मी तासभर डोकं धरून बसले होते. आता बाहेरची फाइल आली की आधी ते अदृश्य चिन्ह बदलून घेते, मगच कामाला हात.

दुसरं म्हणजे मराठी ल आणि श. हिंदी वळणाचा ल छापला की आमच्याकडचे निवृत्त मुख्याध्यापक प्रूफवर लाल गोल करतात. लिबरऑफिसमध्ये मजकुराची भाषा ‘मराठी’ निवडली आणि फॉन्टमध्ये तशी सोय असली, तर ल आणि श आपोआप मराठी वळणाचे होतात. भाषा हिंदी ठेवली की परत हिंदी. हे मला पंचवीस वर्षांत कुणी दाखवलं नव्हतं. फॉन्ट मी मुंबईच्या एक टाइपचे वापरते, मजकुराला मुक्त, पत्रिकेच्या ठळक नावांना बालू. खुल्या परवान्याचे आहेत: वापरा, वाटा, बदला, फक्त नुसता फॉन्ट सुटा विकू नका. चोरून कॉपी केलेल्या फॉन्टवर या धंद्यातली निम्मी दुकानं चालली, माझंही काही वर्षं चाललं, त्यामुळे हा परवाना वाचताना जरा ओशाळायला झालं.

जुन्या फाइलींचं काय केलं? त्या जुन्या फॉन्टांत देवनागरी म्हणून काही नसतंच. इंग्रजी अक्षरांच्या जागी आपल्या अक्षरांची चित्रं बसवलेली. ‘निमंत्रण’ लिहिलं की आधी वेलांटी, मग न, कारण कागदावर वेलांटी डावीकडे दिसते. युनिकोडला (आता सगळ्या कॉम्प्युटरांवर चालणारी अक्षरांची एकच पद्धत) उलटं लागतं, आधी न. रफाराचंही तसंच: जुन्यात अक्षरानंतर, नव्यात अक्षराआधी. भाच्याने पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. पहिल्या खेपेला सगळीकडे ‘वषर्’ आणि ‘कायर्क्रम’ आलं. असे शब्द तुम्ही सरकारी पीडीएफमधून मजकूर कॉपी करताना नक्की पाहिले असतील; ते कुठून येतात ते मला त्या दिवशी कळलं. मग मी शेजारी बसून कोणत्या चिन्हाखाली कोणतं अक्षर दडलंय ते सांगत गेले, तो तक्ता भरत गेला. क्ष, ज्ञ, द्ध, ट्ट, ह्य. चार रविवार गेले. पण १९९९ पासूनच्या बहुतेक फाइली आता वाचता येतात. हे काम बंद सॉफ्टवेअर, म्हणजे ज्याच्या आतला कोड मालक दाखवत नाही ते, वापरूनही झालं असतं, मान्य. पण फाइलीच्या आत डोकावायला परवानगी लागत नाही, ही सवयच मला मिंटने लावली.

आता तक्रारी. त्या थोड्या नाहीत.

दुकानातला जुना लेझर प्रिंटर लिनक्सला ओळखच देईना. ड्रायव्हर उतरवला, एक पान आलं, दुसरं पान अडकलं, तिसऱ्याला प्रिंटर झोपला. शेवटी प्रिंटर विंडोजच्या मशीनलाच ठेवला आणि पीडीएफ तिकडे पाठवून छापते. नवीन घेताना लिनक्सवर चालतो का ते आधी विचारा. दुकानदाराला माहीत नसतं. त्याच्यासमोर मोबाइलवर शोधा.

पत्रकं-पत्रिका ज्यात सजवतात ते कोरलड्रॉ नाही. हे दुखणं मोठं आहे, कारण आमच्या भागातले प्रेसवाले ‘सीडीआर (कोरलड्रॉची फाइल) पाठवा’ याखेरीज बोलत नाहीत. इंकस्केप चांगलं आहे, पण ते रंग पडद्याच्या हिशेबाने बघतं, शाईच्या नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये नगरपालिकेच्या निवडणुकीची पत्रकं केली. एका उमेदवाराचा भगवा प्रेसमधून चक्क विटकरी होऊन आला. कार्यकर्ते दुकानात येऊन उभे राहिले. नंतर शहाणी झाले: चित्र इंकस्केपमध्ये, पण पान स्क्रायबसमध्ये लावायचं, रंगांचे सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शायांचे, आकडे तिथे द्यायचे आणि प्रेसला पीडीएफ पाठवायची. स्क्रायबसच्या १.६ आवृत्तीत जोडाक्षरं नीट लागतात. ९६ पानांची स्मरणिका त्यात लावली, व्यवस्थित गेली. लांब तक्ते मात्र त्यात करायला जाऊ नका.

ई-टेंडरची डिजिटल सहीची टोकन (पेनड्राइव्हसारखी यूएसबी डबी) माझ्याकडे लिनक्सवर चालली नाही. मराठी शुद्धलेखन तपासनीस वेगळा जोडावा लागतो, आणि ‘शाळेतल्यांनासुद्धा’ असा साधा शब्द दिसला की तांबडी रेघ ओढतो. वर्डमध्ये केलेले तक्ते लिबरऑफिसमध्ये उघडले की कधीकधी एखादा रकाना सरकतो. वर्डची फाइल वर्डमध्येच परत हवी असेल तर शेवटचा हात विंडोजवर फिरवते.

मग कशाला हा उपद्व्याप, असं शेजारचे झेरॉक्सवाले काका अजून विचारतात. जुलै २०२५ मध्ये त्यांना मी पेपर दाखवला. नायरा एनर्जी, गुजरातेत वाडीनारला वर्षाला २ कोटी टन क्षमतेची रिफायनरी, मुख्य कचेरी मुंबईत. रशियाच्या रोसनेफ्ट या तेल कंपनीचा तेव्हाचा हिस्सा ४९.१३ टक्के. युरोपीय संघाने १८ जुलैला तिच्यावर निर्बंध लावले आणि काही दिवसांत मायक्रोसॉफ्टने सेवा थांबवली. निर्बंध ना भारताचे, ना अमेरिकेचे. पैसे भरलेले परवाने असूनही आपलाच डेटा आपल्याला मिळत नाही, असं म्हणत कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली. महिनाअखेरीस सेवा पूर्ववत झाली. काका म्हणाले, “ती रिफायनरी, तुझं दुकान.” मी म्हटलं, “काका, रिफायनरीला वकील परवडतो.”

यावर कुणी म्हणेल, मग स्वदेशी वापरा. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांना झोहोचं ऑफिस वापरायला सांगितलं. झोहो तमिळनाडूतली कंपनी आहे, काम चांगलं आहे, मी त्यांचा मेल वापरते. पण त्याचाही कोड बंदच. घरमालक आपल्या जातभाईंतला मिळाला म्हणून घर आपलं होत नाही. माझं डोंगलही स्वदेशीच होतं.

आणि मुक्त सॉफ्टवेअरवाले, म्हणजे कोड सगळ्यांना खुला ठेवणारे, धुतल्या तांदळाचे आहेत असंही नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये लिनक्सच्या गाभ्याच्या देखभालकर्त्यांच्या यादीतून दहाबारा रशियन नावं निर्बंधांच्या कारणाने काढून टाकली गेली, आणि खुद्द लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्सने त्याची पाठराखण केली. सत्ता तिथेही पोचते. फरक एवढाच की त्या माणसांच्या घरातलं लिनक्स दुसऱ्या दिवशीही चालू होतं. नाव काढता आलं, कोड काढून घेता आला नाही. जर्मनीतल्या श्लेस्विग-होलस्टाइन राज्याने सुमारे ३० हजार सरकारी कॉम्प्युटर लिबरऑफिसवर न्यायला घेतले ते याच हिशेबाने. म्युनिक शहर त्याच वाटेने गेलं होतं आणि २०१७ मध्ये परत फिरायचं ठरवून बसलं, हेही लक्षात ठेवा.

कुणी घ्यावं? टायपिंग, अहवाल, पुस्तकाची पानं, स्मरणिका असं काम असेल तर डोळे झाकून. फ्लेक्स आणि पत्रकांवर पोट असेल तर एक विंडोज मशीन ठेवूनच. एकट्याने करायला जाऊ नका. एखादा भाचा हाताशी हवा. माझे पाचपैकी साडेतीन गुण. एक रंगांनी खाल्ला, अर्धा प्रिंटरने.

ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज दहाच्या नेहमीच्या दुरुस्त्या थांबल्या, तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत दुसऱ्या मशीनवरही मिंट घातलं. तिसरं, टेंडरवालं, आहे तसंच आहे.

काल एका शाळेचे क्लार्क पेनड्राइव्ह घेऊन आले. त्यांच्या १९९८ ते २०११ च्या स्मरणिका, दुसऱ्या एका डीटीपीवाल्याने केलेल्या. तो माणूस आता नाही, त्याचं दुकानही नाही. शाळेला शतकमहोत्सवासाठी जुने लेख हवेत. तीन फाइली उघडून पाहिल्या. कडबोळं ओळखीचं नाही, हा वेगळाच फॉन्ट दिसतोय. पण एका पानाची छापील प्रत त्यांच्याकडे आहे, तेवढ्यावरून तक्ता सुरू करता येईल. भाच्याला रविवारी बोलावलंय.