नावाने उन्हाळी, भर पावसात: विज्ञानसंवादाच्या एका ऑनलाइन अभ्यासक्रमाविषयी

ब्रिटनमधील एका विद्यापीठाचा विज्ञानसंवादाचा सहा आठवड्यांचा ऑनलाइन उन्हाळी अभ्यासक्रम मी गेल्या जुलै-ऑगस्टमध्ये पूर्ण केला. त्यांचा उन्हाळा म्हणजे आपला आषाढ-श्रावण. त्यामुळे पडद्यावर बाह्या दुमडून उकाड्याची तक्रार करणारे अध्यापक आणि खिडकीबाहेर कोल्हापूरचा धो-धो पाऊस, असा सारा प्रकार होता. मी येथील एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते आणि अधूनमधून वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत विज्ञानावर लिहिते. लिहिलेले आपल्या विद्यार्थ्यांच्या घरच्यांपर्यंत का पोहोचत नाही, हा माझा जुना प्रश्न होता आणि त्यासाठीच मी नाव नोंदवले. विद्यापीठाचे नाव येथे देत नाही. अशा धर्तीचे अभ्यासक्रम तिकडे अनेक ठिकाणी चालतात आणि माझे म्हणणे त्यांपैकी कोणताही निवडताना उपयोगी पडावे, एवढीच अपेक्षा आहे.

शुल्क ३२० पौंड होते. कार्डावरील परकीय चलनाचा आकार धरून ते ३८ हजार रुपयांच्या घरात गेले. आठवड्याला दोन थेट तासिका, त्यांखेरीज ध्वनिचित्रमुद्रित व्याख्याने, वाचनसाहित्य आणि दर आठवड्याला एक लेखी काम, अशी आखणी होती. लंडनमध्ये सायंकाळचे सहा वाजतात तेव्हा उन्हाळ्यात आपल्याकडे रात्रीचे साडेदहा झालेले असतात, हे नाव नोंदवताना माझ्या लक्षात आले होते. परंतु सकाळी सातच्या पहिल्या तासाला फळ्यासमोर उभे राहायचे असताना मध्यरात्रीपर्यंत जागणे म्हणजे काय, हे दुसऱ्या आठवड्यातच कळले.

पहिला आठवडा इतिहासाचा होता आणि तो मी निव्वळ सोपस्कार म्हणून उरकणार होते. १९८५ साली वॉल्टर बॉडमर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने रॉयल सोसायटीला दिलेल्या अहवालात सामान्य माणसाला विज्ञान समजले पाहिजे असा आग्रह धरला होता. अशा प्रयत्नांमागे एक गृहीतक दडलेले असते, की लोकांपाशी माहितीची उणीव आहे आणि ती भरून काढली की ते आपोआप शास्त्रज्ञांशी सहमत होतील. पुढे टीकाकारांनी त्याला ‘उणिवेचे प्रारूप’ म्हणायला सुरुवात केली. हे प्रारूप कसे फसते ते दाखवण्यासाठी अध्यापकांनी जे उदाहरण घेतले, त्यासाठी माझ्या मते निम्मे शुल्क वसूल झाले. एप्रिल १९८६ मध्ये चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली, किरणोत्सारी सीझियम पावसाबरोबर वायव्य इंग्लंडमधील कंब्रियाच्या डोंगरांवर उतरले आणि तेथील मेंढ्यांच्या विक्रीवर निर्बंध आले. तीन आठवड्यांत सारे पूर्ववत होईल, असे मेंढपाळांना सांगण्यात आले. प्रत्यक्षात शेवटचे निर्बंध उठायला २०१२ साल उजाडले. चिकणमाती सीझियम धरून ठेवते, आणि अंदाज तशा मातीवर बेतलेला होता. डोंगरावरच्या आम्लधर्मी, कुजट मातीत मात्र ते मोकळे राहून गवतावाटे पुन्हा पुन्हा मेंढ्यांच्या पोटात जात राहिले. आपल्या कुरणांची माती कशी आहे आणि मेंढ्या कुठे, कशा चरतात, हे मेंढपाळ जाणून होते. त्यांना कोणी विचारले नाही. ब्रायन विन या समाजशास्त्रज्ञाने या मेंढपाळांशी बोलून केलेला अभ्यास आम्हाला वाचायला दिला होता आणि त्यावरील चर्चा ठरलेला तास उलटून गेली तरी थांबली नाही.

दुसऱ्या आठवड्यातील काम असे होते, की आपल्या गावातील लोकांच्या कानावर नेहमी पडणारा एक आकडा तीनशे शब्दांत समजावून सांगावा. त्या दिवसांत कोल्हापुरात दुसरा आकडा सुचणेच शक्य नव्हते. मी ‘४३ फूट’ घेतले. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे, २०१९ च्या महापुरात पाणी ५५ फुटांच्या वर गेले होते, धरणातून सोडलेल्या पाण्याचा विसर्ग क्युसेकमध्ये मोजतात आणि एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८.३ लिटर, असे सारे मी नीटनेटके लिहून पाठवले. चौथ्या दिवशी लेख परत आला तो समासात दोन प्रश्न घेऊन. पहिला, ‘हे फूट कोठून मोजलेले आहेत?’ दुसरा, ‘हे वाचणारी व्यक्ती कोठे उभी आहे?’

पहिल्याचे उत्तर मला देता आले. दुसऱ्यापाशी मी अडले. धोका पातळी गाठली जाण्याआधीच सुतारवाड्यातील कुटुंबांना घर सोडावे लागते, तर टेकडीवर राहणाऱ्याला पन्नास फुटांनीही पायऱ्या ओल्या झाल्याचे दिसत नाही. गावातील माणूस विचारतो, ‘पाणी कुठवर आलंय?’ आणि त्याला उत्तर मिळते, ‘जामदार क्लबला लागलं.’ हे मोजमाप पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून आलेले आहे, त्यात मोजणारा कोठे उभा आहे हे आधीच सांगितलेले असते, आणि मी मात्र कंब्रियाच्या मेंढपाळांची हकीकत वाचून आठवडाही उलटला नसताना ते गाळून थेट बंधाऱ्यावरच्या फूटपट्टीला भिडले होते. लेख पुन्हा लिहिताना मी जामदार क्लबापासून सुरुवात केली आणि फुटांपर्यंत मागाहून गेले. राधानगरी धरणाच्या एका स्वयंचलित दरवाजातून १४२८ क्युसेक पाणी बाहेर पडते, हे वाक्य आम्ही दर पावसाळ्यात वाचतो. ते चाळीस हजार लिटर होते, म्हणजे दहा हजार लिटरचे चार टँकर दर सेकंदाला रिते होत आहेत, असे मी लिहिले. अभ्यासक्रमाच्या नमुना लेखांत अशा जागी ऑलिंपिकचा जलतरण तलाव असे. आमच्याकडे तो पाहिलेला माणूस शोधावा लागेल, टँकरची वाट पाहिलेला शोधावा लागणार नाही. दुसऱ्या खेपेला समासात एकच शब्द आला, ‘होय.’ इतक्या बारकाईने माझे लेखन यापूर्वी कोणी तपासले नव्हते, हे मान्य करावेच लागेल.

जोखमीच्या आकड्यांवरचा तिसरा आठवडाही चांगला होता. ऑक्टोबर २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने प्रक्रिया केलेल्या मांसाला कर्करोगकारक घटकांच्या पहिल्या गटात घातले, ज्या गटात तंबाखूही आहे. रोज ५० ग्रॅम असे मांस खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची जोखीम १८ टक्क्यांनी वाढते, असा तो निष्कर्ष होता. गट ठरतो पुराव्याच्या भक्कमपणावरून, धोक्याच्या आकारावरून नव्हे, हे बहुतेक बातम्यांत निसटले. जन्मभराची जोखीम शंभरात पाच असेल तर १८ टक्के वाढीने ती शंभरात सहाच्या जवळ जाते. ‘१८ टक्के’ ऐकून मनात उभे राहणारे चित्र आणि हे चित्र यांत बरेच अंतर आहे. तांबड्या-पांढऱ्या रश्शाच्या गावात राहत असल्याने मी त्याच रात्री खातरजमा केली: ताजे मटण पहिल्या गटात येत नाही, ते ‘बहुधा कर्करोगकारक’ अशा त्याच्या खालच्या गटात आहे. घरी हे सांगितल्यावर रविवारच्या बेतावर काही परिणाम झाला नाही.

त्यानंतर मात्र दर्जा घसरला. चौथ्या आठवड्यात प्रसारमाध्यमांशी कसे वागावे हे शिकवताना प्रत्येक विद्यापीठात प्रसिद्धी विभाग असतो आणि प्रत्येक वृत्तपत्रात विज्ञानाचा स्वतंत्र वार्ताहर असतो, असे धरून चालले होते. जिल्हा आवृत्तीत एकच वार्ताहर सकाळी महापालिका, दुपारी साखर कारखाना आणि रात्री अपघात पाहतो, त्याच्या हाती शोधनिबंध कसा द्यावा, हा प्रश्न मी विचारला तेव्हा ‘फारच रोचक मुद्दा’ एवढेच उत्तर मिळाले. आलेखांच्या आठवड्यात थेट तासिका नव्हतीच, जुनी ध्वनिचित्रमुद्रणेच आमच्यापुढे ठेवण्यात आली. सहाध्यायांनी एकमेकांचे लेखन तपासावे ही कल्पना कागदावर चांगली आहे, परंतु मला मिळालेल्या सहा अभिप्रायांपैकी पाचांत ‘छान’ याहून अधिक काही नव्हते. पावसात वीज गेल्याने माझ्या दोन तासिका बुडाल्या. त्यांची मुद्रणे आली ती त्या आठवड्याचे काम देण्याची मुदत संपल्यावर. मुदतवाढीसाठी लिहिलेल्या पत्राला आलेले उत्तर अत्यंत नम्र होते आणि त्यात नकार होता.

माझी मोठी तक्रार भाषेविषयी आहे. परिभाषा टाळा, साधा शब्द वापरा, हा त्यांचा सल्ला इंग्रजीत पुरेसा असेल. मराठीत लिहिणाऱ्यापुढे एकाऐवजी दोन परिभाषा असतात: पाठ्यपुस्तकातील संस्कृत शब्द, जो विद्यार्थी परीक्षेपुरता पाठ करतो, आणि इंग्रजी शब्द, जो तो बोलतो पण त्याच्या आजीला कळत नाही. या दोहोंच्या मधून वाट कशी काढावी याविषयी सहा आठवड्यांत अवाक्षर निघाले नाही. वाचनयादीत भारतातील एकही नाव नव्हते. विज्ञानाच्या लोकप्रसारासाठीचा युनेस्कोचा कलिंग पुरस्कार १९९६ साली ज्यांना मिळाला ते जयंत नारळीकर १९३८ साली याच कोल्हापुरात जन्मले, आणि मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून याच कामात आहे, हे मी चर्चेत सांगितले तेव्हा सर्वांनी कुतूहलाने टिपून घेतले. पण यादी होती तशीच राहिली.

प्रमाणपत्र संगणकावर उतरवून घ्यावे लागते. त्याला श्रेयांक नाहीत आणि आमच्या संस्थेत ते सेवापुस्तकात नोंदवता येत नाही. तेव्हा पदोन्नतीसाठी कोणी हा खर्च करू नये. ज्याच्यापाशी स्वतःचा विषय आणि स्वतःचा वाचक आधीपासून आहे, त्याने समासातील त्या प्रश्नांसाठी जरूर करावा, मात्र अध्यापक प्रत्येकाचे लेखन स्वतः तपासतात की नाही, हे पैसे भरण्यापूर्वी विचारून घ्यावे.

शेवटचे काम पाच मिनिटांच्या ध्वनिफितीचे होते आणि ती आपल्या भाषेत करण्याची मुभा होती. मी अंबाबाईचा किरणोत्सव घेतला. मावळतीची किरणे महाद्वारातून गाभाऱ्यात येतात ती नोव्हेंबरच्या ९, १०, ११ तारखांना आणि पुन्हा ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारीला, कारण हे दोन्ही काळ २१-२२ डिसेंबरपासून जवळजवळ सारख्याच दिवसांवर आहेत. सूर्य खगोलीय विषुववृत्ताच्या किती उत्तरेला वा दक्षिणेला आहे, यासाठी खगोलशास्त्रात सूर्याची ‘क्रांती’ हा शब्द आहे. तो उच्चारला असता तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर भलतेच काही उभे राहिले असते. म्हणून दक्षिणेला निघालेला सूर्य आपल्या दारावरून एकदा जातो आणि परतताना पुन्हा त्याच दारावरून जातो, एवढेच मी सांगितले. पाठवण्यापूर्वी शेजारच्या आजींना ती फीत ऐकवली. त्या म्हणाल्या, ‘म्हणजे सूर्यनारायण जाता-येता दोन्ही वेळा दर्शन घेऊन जातो, असंच की गं.’ हे वाक्य मी त्यांच्या परवानगीने फितीच्या शेवटी जोडले. परीक्षकांना मराठी येत नसल्याने गुण द्यायचे होते ते सोबतच्या इंग्रजी संहितेला, आणि तिच्यात त्या वाक्यापुढे समासात शेरा होता: ‘अनावश्यक, गाळता येईल.’